झाकली मूठ

विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या नाटकात सामंत नावाचा एक साधाभोळा खेडेगावचा गृहस्थ आहे. मुंबईहून अभिरूप न्यायालयाचा कार्यक्रम करायला आलेली हौशी मंडळी रात्रीच्या प्रयोगाआधी वेळ जावा म्हणून एक लुटुपुटीचा खटला उभा करतात. लीला बेणारे या शिक्षिकेला आरोपी करतात आणि सामंताला साक्षीला उभे करतात. त्याने सांगायचे असते काहीतरी मनचे. बिचाऱ्याला मनचे काही सुचत नाही. तेव्हा तो जवळच्या एका सवंग कादंबरीचा आधार घेतो आणि प्रोफेसर दामल्यांच्या खोलीबाहेर आपण काय ऐकले ते रंगवून सांगतो. आत एक बाई रडते आहे, याचना करते आहे, आणि पुरुष तिला झिडकारतो आहे. मंडळींची करमणूक होते. मात्र ही कादंबरीतली साक्ष बेणारेच्या आयुष्याला नेमकी लागू पडते, आणि हसताहसता खेळाचा खटला होऊन बसतो.

या नाटकावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. मध्यमवर्गाची दांभिकता, कुमारी मातेचा प्रश्न, खेळातून उमलत जाणारे क्रौर्य, सारे सांगून झाले आहे. पण सामंताच्या साक्षीकडे जावे तितके आपले लक्ष गेलेले नाही असे मला वाटते. कोर्टाला साक्षीदार हवा होता आणि साक्षीला कादंबरी उभी राहिली. आपल्या कथा-कादंबऱ्यांवर तेंडुलकरांनी केलेली ही सर्वांत झोंबरी टीका आहे, असे मी समजतो.

लैंगिक अत्याचार सोसलेल्या माणसाला मदत मागणे का जड जाते, हा प्रश्न आज डॉक्टर, वकील आणि समाजशास्त्रज्ञ आपापल्या परीने सोडवीत आहेत. मी वाङ्मयाचा शिक्षक. माझ्या वाट्याला शब्द येतात आणि कथेचे साचे येतात. पण त्या माणसाच्या वाटेवरचे पहिले दोन अडथळे हेच आहेत, आणि ते आम्हीच लेखक-वाचकांनी रचून ठेवले आहेत, असे मला दिवसेंदिवस वाटू लागले आहे.

प्रथम शब्द घ्या. ‘अब्रू लुटली’ असे आपण सहज म्हणून जातो. अब्रू हा फारसी शब्द. आब म्हणजे पाणी, रू म्हणजे चेहरा; अब्रू म्हणजे चेहऱ्यावरचे पाणी. आता लुटीचा एक सर्वमान्य नियम असा की ज्याच्या घरी लुटीचा माल सापडतो तो तोंड लपवतो. येथे उलटे आहे. लुटणाऱ्याच्या चेहऱ्यावरचे पाणी तसेच राहते आणि जिची लूट झाली ती पदरात तोंड घालते. ‘अतिप्रसंग’ हा वृत्तपत्रांचा लाडका शब्द पाहा. त्यात गुन्हा नाही आणि गुन्हेगारही नाही. आहे तो केवळ एक प्रसंग, थोडा जास्त झालेला. ‘विनयभंग’ हा तर कायद्याचा शब्द. १८६०च्या दंडसंहितेतून तो आला, आणि २०२४ साली ती संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली तरी तो आपल्या बोलण्यातून गेलेला नाही. त्याचा सरळ अर्थ करायचा तर भंगतो तो स्त्रीचा विनय. हात कोणाचा होता हे त्या शब्दाला सांगता येत नाही.

शब्दांच्या जोडीला म्हणी आहेत. अब्रू म्हणजे काचेचे भांडे. झाकली मूठ सव्वा लाखाची. या म्हणी आई मुलीला सांगते त्या काही दुष्टपणाने नव्हे, मायेनेच सांगते. आणि तेथेच खरी अडचण आहे. मूठ झाकलेली असेपर्यंत ती सव्वा लाखाची, म्हणजे उघडली की आत काही नाही हे आईलाही मान्य असते. मुलगी सांगायला येते तेव्हा तिला आधी हा हिशेब करावा लागतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार ही म्हणही आपलीच आहे. फक्त तोंड दाबणारा हात पुष्कळदा प्रेमाचा असतो, एवढे ती सांगत नाही.

या शब्दांची आणखी एक गंमत, गंमत कसली, क्रूर चेष्टा, अशी की अब्रू सगळ्यांना सारखी वाटलेली नाही. जिला ती आहे असे समाज मानतो तिने ती झाकायची. आणि जिला ती मुळातच नाही असे मानतो, ती मोलकरीण असो, मजूर असो, गावकुसाबाहेरची असो, तिने तक्रार केली तर ‘तुझे गेले काय?’ असा प्रश्न येतो. एक गप्प राहते, दुसरीवर कोणी विश्वास ठेवत नाही. पुरुषांना तर या व्यवहारात शब्दच नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी त्यासाठी बोलणे झाले होते. त्यांतल्या ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले, आणि अशा मुलांत निम्म्याहून अधिक, ५२.९४ टक्के, मुलगे होते. बहुतेकांनी ही गोष्ट कोणालाही सांगितलेली नव्हती. मुलग्याने सांगायचे तरी कोणत्या शब्दात? ‘अब्रू गेली’ असे मुलग्याबद्दल मराठीत म्हटले तर त्याने कर्ज बुडवले असे ऐकणाऱ्याला वाटेल.

आता कथेचा साचा. आमच्या कित्येक कादंबऱ्यांत आणि पुढे चित्रपटांत ‘भ्रष्ट’ झालेल्या स्त्रीला तीनच वाटा ठेवलेल्या असत : विहीर, वेड, किंवा उदार मनाच्या पुरुषाशी लग्न. लेखक तिच्यावर अश्रू ढाळी, वाचकही ढाळीत. पण ती दुसऱ्या दिवशी सकाळी उठली, चहा केला, कामावर गेली आणि महिन्याने कोणाला तरी म्हणाली की माझ्यावर असे असे झाले, ही कथा सहसा कोणी लिहीत नसे. परिणाम असा की खरोखरीची बाई सांगायला येते तेव्हा आपण नकळत तिला त्या साच्याशी ताडून पाहतो. ही रडत कशी नाही? ही ओरडली कशी नाही? ही इतके दिवस कामावर कशी जात होती? सामंताच्या खिशातली कादंबरी आपल्या प्रत्येकाच्या खिशात असते.

हे मी अलंकारिक भाषेत म्हणत नाही. नाटक रंगभूमीवर आल्यानंतर पाचच वर्षांनी, मार्च १९७२ मध्ये, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस चौकीत एका गरीब आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची तक्रार झाली. ती अनाथ होती, भावाबरोबर राही, मोलमजुरी करी. कायद्याची पुस्तके हा खटला तिच्याच नावाने ओळखतात. मी ते नाव येथे लिहीत नाही. १९७४ साली सत्र न्यायालयाने तिच्या चारित्र्याचा पंचनामा करून आरोपींना सोडले. १९७६ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवले. भीतीपोटी निमूट राहणे आणि संमती देणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, असे त्या निकालाचे म्हणणे होते. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. अंगावर जखमा नाहीत, ओरडल्याचा पुरावा नाही, म्हणून प्रतिकार नाही. आणि प्रतिकार नाही म्हणून जबरदस्ती नाही, अशी त्या निकालाची साखळी होती. बाई अशा वेळी कशी वागते याचे एक चित्र आधीच काढून ठेवले होते, आणि ही मुलगी त्या चित्रात बसली नाही.

सप्टेंबर १९७९ मध्ये कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना एक खुले पत्र लिहिले : उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर. मराठी साहित्याच्या अभ्यासक्रमात हे पत्र कोठेही नाही. असायला हवे होते असे मला वाटते, कारण ते प्रथमतः वाचनावरचे पत्र आहे. एका मुलीचे मौन कसे वाचावे, याविषयी चार वाचकांनी देशाच्या सर्वोच्च वाचकाशी घातलेला तो वाद आहे. त्यातून चळवळ उभी राहिली आणि १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतल्या अत्याचारात, संबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने ते धरून चालावे असे ठरले. सुनावणी बंद दाराआड घेण्याचे ठरले. पीडितेचे नाव छापणे गुन्हा ठरला. पुढे २००२च्या दुरुस्तीने, तक्रार करणारी बाई ‘बदचालीची’ आहे असे दाखवून तिची साक्ष मोडून काढण्याची पुराव्याच्या कायद्यातली सोय काढून टाकली. म्हणजे तोपर्यंत ती होती. ‘दोन बोटांची’ म्हणून जी वैद्यकीय तपासणी कुप्रसिद्ध आहे तिला सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली स्त्रीच्या प्रतिष्ठेवरचा घाला म्हटले, आणि २०२२ साली ती करणारा गैरवर्तनास पात्र ठरेल असे बजावले. एकच गोष्ट न्यायालयाला दोनदा सांगावी लागली, यावरून चित्रे पुसायला किती वेळ लागतो ते दिसते.

आपल्याकडे याहून वेगळे वाचणारा कोणी झालाच नाही असे मात्र नाही. १८६३ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी आपल्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. एका ब्राह्मण विधवेने फसवणुकीतून झालेले मूल मारले आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली, हे त्याचे निमित्त. या गृहाची भित्तिपत्रके लावलेली होती : विधवांनी येथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे की ठेवावे हे त्यांच्या खुशीवर. १८८४ सालापर्यंत ३५ विधवा तेथे येऊन गेल्या, असे जोतीरावांनी लिहून ठेवले आहे. ती घोषणा मी साहित्याचा विद्यार्थी म्हणून पुन्हा पुन्हा आठवतो. तीत दोन शब्द कळीचे आहेत, ‘गुप्तपणे’ आणि ‘खुशीवर’. मदतीची किंमत म्हणून तिचे नाव मागायचे नाही, आणि मदत केली म्हणून तिचा निर्णय आपल्या हाती घ्यायचा नाही. मूठ उघडायची की नाही हे जिची मूठ तिने ठरवावे. आपले दार मात्र आधीपासून उघडे असावे, आणि ते उघडे आहे हे भिंतीवर लिहिलेले असावे.

त्यानंतर वीस वर्षांच्या आतच, १८८२ साली, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. तिचेही निमित्त असाच एक खटला होते. सुरतेच्या एका विधवेला मूल मारल्याबद्दल १८८१ साली फाशी सुनावली गेली, ती नंतर जन्मठेपेवर आली. आणि वृत्तपत्रे बायकांच्या चारित्र्यावर अग्रलेख लिहीत बसली. ताराबाईंचा साधा सवाल असा की यातला पुरुष कोठे आहे? पंच्याऐंशी वर्षांनी तेंडुलकरांनी त्याच सवालाला रंगमंचावर आकार दिला : प्रोफेसर दामले. खटला ज्यांच्यामुळे उभा राहतो ते दामले नाटकभर येतच नाहीत. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झाले तेव्हाही बाई काय म्हणते आहे यापेक्षा विभावरी शिरूरकर हे टोपणनाव घेणारी ही बाई आहे कोण, यातच पुष्कळांना रस होता. बोलणारीचा पत्ता शोधायचा आणि बोलणे बाजूला ठेवायचे, ही आपली जुनी खोड आहे. २०१८ साली अनेक स्त्रियांनी आपल्यावरचे जुने अत्याचार जाहीरपणे सांगितले, तेव्हा ‘इतकी वर्षे का गप्प होतात?’ हा प्रश्न त्याच खोडीतून आला. तीन वर्षांहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्याला आपल्या कायद्यात मुदतीची मर्यादा नाही. उशिराचे वावडे कायद्याला नाही, आपल्याला आहे.

आता मला माझी स्वतःची साक्ष द्यायची आहे.

‘शांतता!’ मी अनेक वर्षे पदवीच्या वर्गाला शिकवले. बेणारेचे शेवटचे स्वगत मी रंगून शिकवीत असे. न्यायमूर्ती काशीकर तिला बोलायला दहा सेकंद देतात. ती गप्प राहते. मग काळ थांबल्यासारखा होतो, सारी पात्रे गोठतात आणि ती बोलते. हे स्वगत महाविद्यालयीन स्पर्धांतून मी कितीतरी मुलींच्या तोंडून ऐकले आहे आणि परीक्षक म्हणून त्यांच्या वाचिक अभिनयाला गुणही दिले आहेत. त्या स्वगतात, आणि त्याआधी कर्णिकच्या साक्षीत, बेणारेच्या मामाचा उल्लेख येतो. ती चौदा-पंधरा वर्षांची असताना घरातल्या या वडीलधाऱ्या माणसाने तिच्या अजाणपणाचा फायदा घेतला, आणि गोष्ट उघड झाल्यावर तो पळून गेला. घरच्यांनी दोष तिलाच दिला. तिने जीव देण्याचा प्रयत्न केला. अभिरूप न्यायालयात हा प्रसंग तिच्या ‘पापाचा’ पहिला पुरावा म्हणून मांडला जातो. मी तो तिच्या आयुष्यातले पहिले अपयशी प्रेम म्हणून शिकवीत असे. वकील सुखात्म्यांहून माझे वाचन फारसे वेगळे नव्हते.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. तास संपला, वर्ग रिकामा झाला, आणि एक विद्यार्थिनी टेबलापाशी थांबली. वही मिटलेली होती.

“सर, त्या मामाचं पुढे काय झालं?”

“ते नाटककाराने सांगितलेलं नाही,” मी म्हणालो. “तो नुसता पूर्वेतिहास आहे. परीक्षेच्या दृष्टीने त्याला महत्त्व नाही.”

“बरं, सर,” असे म्हणून ती गेली.

तिला आणखी काही बोलायचे होते की नव्हते, हे मला कधीच कळले नाही. कदाचित खरोखरच नाटकाविषयीची शंका असेल. पण ते कळण्याची संधी मी तिला आणि मला दिली नाही, हा माझ्यावरचा आरोप मला मान्य आहे. तिने मूठ किंचित सैल केली होती आणि मी तिच्यात परीक्षेचे उत्तर कोंबले.

त्या दिवसानंतर हे नाटक मला वेगळे दिसू लागले. बेणारेचे स्वगत हे मराठी रंगभूमीवरचे एक श्रेष्ठ भाषण आहे, हे खरेच. पण ते स्वगत आहे. ते ऐकणारे रंगमंचावर कोणी नाही. तिला बोलते करण्यासाठी नाटककाराला आसपासची सारी माणसे आधी गोठवावी लागली. ही माणसे जिवंत असताना, ऐकत असताना, तिला बोलणे शक्य नव्हते, हे तेंडुलकरांना कळले होते. आम्ही मात्र त्याला रंगतंत्राचा विशेष समजून गुण देत राहिलो. मराठी वाङ्मयाने सोसणाऱ्या स्त्रीला वाचा दिली असे आपण अभिमानाने म्हणतो. मला वाटते, अर्धेच काम झाले आहे. वाचा दिली, श्रोता घडवला नाही. ती सांगत असताना समोरचा माणूस काय करतो, कोणता प्रश्न विचारतो, कोणता गिळून टाकतो, सांगून झाल्यावर तिला कोठे घेऊन जातो, याची कथा आम्ही फारशी लिहिली नाही. म्हणून तसा प्रसंग प्रत्यक्ष आयुष्यात आला की आमच्यापाशी अनुकरणाला नमुनाच नसतो, आणि आम्ही पूर्वेतिहास म्हणून मोकळे होतो.

आज कायदा पुष्कळ पुढे गेला आहे. २०१३पासून खाजगी असो की सरकारी, कोणत्याही रुग्णालयाने अशा व्यक्तीवर तत्काळ विनामूल्य उपचार केले पाहिजेत, नाकारणे गुन्हा आहे. तक्रार न नोंदवणारा पोलीसही शिक्षेस पात्र आहे. त्याच वर्षी महाराष्ट्राने ‘मनोधैर्य’ योजना आणली. २०१२च्या कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलावरचा अत्याचार ज्याला कळेल त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे, असे बंधन घातले. हे बंधन मुलांच्या रक्षणासाठी आहे आणि त्यामागचा हेतू निर्मळ आहे. पण शिक्षक म्हणून मला त्याची दुसरी बाजूही दिसते. ज्या मुलीला आज केवळ कोणाला तरी सांगायचे आहे, आणि ज्याचे नाव सांगायचे तो घरातलाच आहे, तिला सांगण्याआधीच पोलीस दिसू लागतात; आणि ऐकणाऱ्या शिक्षकालाही वाटते, न कळलेलेच बरे. कायद्याने दार उघडले, पण उंबरठ्यावर ‘गुप्तपणे’ आणि ‘खुशीवर’ हे दोन शब्द लिहायचे राहिले. मुलाच्या रक्षणासाठी कळवणे आवश्यकच असेल, तर त्याआधी त्या मुलापाशी बसून काय होणार, कोण येणार, तू एकटा नाहीस, हे सांगणारा माणूसही तितकाच आवश्यक आहे. तो माणूस कलमाने निर्माण होत नाही. तो वाचनाने, निदान काही अंशी, होऊ शकतो, अशी माझी श्रद्धा आहे. नाहीतर मी वाङ्मय शिकवलेच कशाला?

आता मी ‘शांतता!’ शिकवताना आरंभ मामापासून करतो. मुलांना विचारतो, बेणारे कर्णिकच्या साक्षीच्या वेळी गप्प का? आणि तिने सांगायचे ठरवले असते तर त्या खोलीत कोणापाशी? मुले एकेक पात्र घेऊन पाहतात आणि बाद करतात. बहुतेक वेळा सामंतापाशी येऊन थांबतात. शेवटी तिच्या शेजारी कापडी पोपट ठेवून जाणारा तोच एक आहे. मग एखादी मुलगी म्हणते, पण सर, कादंबरीही त्याचीच होती. तास संपल्यावर मी लगेच उठत नाही. वही-खडू आवरत थोडा वेळ बसून राहतो.

पुष्कळ वर्षे कोणी थांबले नाही. गेल्या वर्षी शेवटच्या वर्गातला एक मुलगा थांबला. तो जे बोलला ते येथे लिहिण्याचा मला अधिकार नाही. एवढेच सांगतो की पुढे कोणाकडे जायचे हे त्याने ठरवायला तीन आठवडे घेतले, आणि त्या पहिल्या दिवशी मी त्याला एकही प्रश्न विचारला नाही.